मातीची माफी मागितलीत

अहो, शनिवारी तुमच्या स्मरणाची प्रार्थना ठेवलीय. आज सकाळी पास्टर सांगून गेले. तुमच्या खुर्चीत बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "ताई, साक्ष तुम्हीच द्या. आपला भाऊ विजयी जीवन कसं जगला, प्रभूनं त्याला रागावर जय कसा दिला, एवढं सांगा. मंडळीला उभारी येईल."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कप उचलला, आत गेले आणि मोरीत असा आपटला की त्याचा कान तुटला. तुम्ही गेल्यावर या घरातली आदळआपट तरी थांबेल असं मला वाटलं होतं.

विजयी जीवन म्हणे! अर्धांगाचा झटका आला त्याच्या आदल्याच रविवारी तुम्ही आमटीत मीठ जास्त झालं म्हणून ताट भिरकावलं होतंत. ओट्यामागच्या भिंतीवर हळदीचा डाग अजून आहे. मी घासघास घासला, गेला नाही. शनिवारी मंडळीला घरी बोलावून तो दाखवू का? की आपल्या आळीतल्या शेजाऱ्यांनाच साक्षीला उभं करू? तुमचं विजयी जीवन त्यांनी भिंतीपलीकडून रोज ऐकलंय.

लग्न झाल्यापासून तुम्हाला अहोजाहो केलं, तेव्हा आता भांडते तेही अहोजाहो करूनच. तुम्ही होतात तेव्हा भांडायची सोयच नव्हती. माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुमचा आवाज वर जायचा, आणि तुमचा आवाज वर गेला की मी गप्प व्हायचे. मंडळीत याला माझी सहनशीलता म्हणायचे. बायकांच्या सभेत माझं उदाहरण द्यायचे. सहनशीलता कसली डोंबलाची, दमलेली असायचे मी.

हात तुम्ही माझ्यावर कधी उगारला नाहीत, हे खरं. तुम्हीही ते मोठ्या अभिमानानं सांगायचात. पण ताट, तांब्या, डबा, चप्पल आणि एकदा तर भरलेली कळशी, हे सगळं तुम्ही त्यात धरत नव्हतात. आपली रूथ लहान असताना स्कूटर स्टँडवर लावल्याचा आवाज ऐकूनच सांगायची, "आई, आज बाबांचा मूड नाय." मग वह्या उचलायची आणि शेजारी जाऊन बसायची. आता ती पनवेलला संसार करते, पण दार जोरात लागलं की अजून दचकते. का दचकतेस, असं जावई विचारतात तेव्हा हसून वेळ मारून नेते.

आणि मग संध्याकाळी तुमचं ते सुरू व्हायचं. फर्स्ट शिफ्ट करून धाटावच्या कंपनीतून आलेले असायचात, व्हायचा तो तमाशा होऊन गेलेला असायचा. दिवे लागले की खिडकीखाली चटई टाकायचात, गुडघे टेकायचात आणि रोज तीच सुरुवात करायचात, "बापा, तोच आलोय परत." कंपनीत कोणाची आई-बहीण काढली, रस्त्यात कोणाची कॉलर धरली, घरात काय फेकलं, सगळं सांगायचात. रडायचात. उठायचात तेव्हा तोंड धुऊन आल्यासारखा चेहरा असायचा. "झालं गो," म्हणायचात, "सोडला त्यानं. भात वाढ." मी तेव्हा फरशीवरची डाळ पुसत असायचे.

मला खरंच कळायचं नाही की हसावं की तुमच्या डोक्यात पोळपाट घालावा.

एकदाच मी तोंड उघडलं. आठवतं ना? म्हटलं, "रोज देवाची माफी मागता. डाळ कोणाच्या अंगावर सांडली?" तुम्ही म्हणालात, "पाप त्याच्या विरुद्ध असतं गो. त्यानं सोडलं म्हंजे सुटलं." मी म्हटलं, "साडी माझी होती. त्याची नव्हती." झालं, तुमचं डोकं फिरलं. ती चटईच गुंडाळून दाराबाहेर भिरकावलीत. आणि थोड्या वेळानं स्वतःच जाऊन आणलीत, झटकलीत, पसरलीत आणि परत गुडघ्यावर. आपला तो वाद तिथेच राहिला. आता तुम्ही त्याच्याकडेच गेला आहात, तर समोरासमोर विचारून घ्या. साडी कोणाची होती म्हणावं.

हमरापूरच्या दिवसाबद्दल मात्र तुम्ही कधी काही बोलला नाहीत. म्हणून मीच बोलते.

माहेर माझं हमरापूरचं, गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्यांचं. आपण दोघं प्रभूच्या विश्वासात आलो तरी दादानं येणंजाणं तोडलं नाही. दर वर्षी हाक मारायचा, आपण जायचो. त्या वर्षी सण जवळ आला होता आणि त्याच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शाडूच्या मूर्ती फळ्यांवर रांगेनं वाळत होत्या, अजून रंग न लागलेल्या. तुमची सेकंडहँड स्कूटर वडखळला बंद पडली होती, घामाघूम होऊन आपण कसेबसे पोचलो होतो. दादा म्हणाला, "दाजींची गाडी पन प्रार्थना केल्याबिगर चालू व्हत नाय." शेडमधली माणसं हसली. मीही हसले.

तुम्ही पाहिलंत ते माझ्याकडे. दादाकडे नाही, त्या माणसांकडे नाही, माझ्याकडे. आणि हातातलं हेल्मेट फळीवर हाणलंत. फळी टेकूवरून सुटली. तिचं एक टोक उडालं ते माझ्या कपाळाला लागलं, दुसरं खाली गेलं आणि मूर्तींची रांगच्या रांग जमिनीवर आली.

सगळे मातीकडे धावले. दादा धावला, त्याची माणसं धावली, तुम्ही धावलात. मी खांबाला धरून उभी होते, पदर भुवईवर दाबून. पदर लाल झाला तेव्हा पहिल्यांदा वहिनीचं लक्ष गेलं. खाली माना, सोंडा, हात विखुरले होते. विश्वासात गेलेल्या जावयानं गणपती फोडले, ही बातमी शेडबाहेर गेली असती तर पुढे काय झालं असतं, ते तिथे प्रत्येकाला कळत होतं. दादा उकिडवा बसला, एक तुकडा उचलला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "डोळे नाय आखले अजून. पूजा नाय, प्रतिष्ठा नाय. माती व्हती. फळी सरकली, माती पडली. चला, कामाला लागा." त्याच्या वर्षभराच्या कमाईचा तो भाग होता. पुढे कधी त्यानं तो विषय काढला नाही. माझ्या भावाइतका मोठ्या मनाचा माणूस मी मंडळीतही पाहिलेला नाही.

तुम्ही त्याच्या पायांवर डोकं ठेवलंत. "दादा, माज्यात सैतान हाय, मला माफ करा," म्हणत ढसाढसा रडलात. त्यानं उठवलं. मग तुम्ही खाली बसून तुकडे गोळा करायला लागलात, आणि एकेक तुकडा उचलताना पुटपुटत होतात, "चुकलं, चुकलं माझं." मातीची माफी मागितलीत हो. माझ्या कपाळाला पेणच्या दवाखान्यात टाके पडले तेव्हा बरोबर वहिनी होती. परतताना स्कूटरवर तुमच्यामागे बसले. नागोठणं मागे पडल्यावर तुम्ही मान न वळवता विचारलंत, "दुखतंय काय गो?" मी म्हटलं, "नाय." तेवढ्यावर तो विषय संपला, तो कायमचा.

पुढचा रविवार तर त्याहून अजब. तुम्ही पास्टरांना सगळं सांगून टाकलं होतंत, कबुली म्हणून. त्यांनी ते मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींना सांगितलं आणि वडीलमंडळींनी त्याचं भलतंच काहीतरी केलं. उपासनेत एक वडील उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या भावानं विश्वासापायी स्वतःच्या सासुरवाडीत मूर्ती पाडल्या. किती हा आवेश! हालेलुया म्हणा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईनं माझा हात दाबला. कपाळाला पट्टी असलेली मी बसले होते, आणि माझ्या नवऱ्याच्या माथेफिरूपणाला टाळ्या पडत होत्या.

तेव्हा तुम्ही उठलात. "थांबा," म्हणालात. तुमचा तो कंपनीतला आवाज, मशीनवरून पलीकडे पोचणारा. "खोटं हाय ते. माझी बायको हसली म्हणून मी फळी पाडली. देवाचा त्यात काय संबंध नाय. माझं पाप हाय ते, त्याला त्याचं नाव लावू नका." आणि खाली बसलात.

खरं सांगू? त्या घटकेला मला तुमच्याबद्दल जे वाटलं, ते मी पुढे वर्षानुवर्षं पुरवून पुरवून वापरलं. ताट उडालं की तो रविवार आठवायचा आणि म्हणायचं, असू दे, माणूस खोटा नाही. फुकटच्या टाळ्या मिळत असताना त्या परत करणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

त्याच आठवड्यापासून शिफ्ट सुटली की तुमची स्कूटर हमरापूरला, मोडलेल्या मूर्ती जोडायला. पावसापाण्याची, खड्ड्यांतून. दादा नको म्हणत होता, तुम्ही ऐकलं नाहीत. सुरुवातीला तुम्ही जोडलेलं सगळं सुटायचं. दादानं शिकवलं, "आदी भिजवा, दाजी. मोडलेली जागा सुकी ठेवून ओली माती लावलीत तर आज धरंल, उद्या सुटंल. बोटानं पानी लावा. तिला पिऊ द्या. मंग माती." काम अर्धं राहिलं तर वर ओलं फडकं टाकायचं, जागा कोरडी पडू नये म्हणून. तुम्ही घरी यायचात ते नखांत माती घेऊन, आणि जेवायचात मुकाट्यानं. त्या दिवसांत आपल्या घरात एकही भांडं उडालं नाही. मला वाटायचं, मूर्ती कधी संपूच नयेत.

पण कोणीतरी पाहिलं आणि मंडळीत सांगितलं. वडीलमंडळी घरी आली. विश्वासी माणूस मूर्ती घडवतो म्हणजे काय, असं विचारायला. तुम्ही म्हणालात, "मोडल्या मी. मंग जोडायच्या कोनी?" त्यांनी नियम पुढे केला. काम थांबवून सर्वांसमोर पश्चात्ताप करेपर्यंत तुम्हाला प्रभुभोजन बंद. मोडल्या तेव्हा टाळ्या आणि जोडल्या तेव्हा बंदी! मला अजून आठवलं की कानशिलं तापतात.

तुम्ही काम थांबवलं नाहीत. रविवारही चुकवला नाहीत. मागच्या चटईवर बसायचात. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट यायचं तेव्हा दोन्ही हातांनी धरायचात, एक तुकडासुद्धा न घेता पुढच्या माणसाकडे द्यायचात. घरी ताट फेकणारा माणूस ते ताट किती सांभाळून पुढे देत होता, ते मी तिरक्या नजरेनं बघायचे आणि मला तुमचा राग यायचा आणि त्यांचाही. मी म्हटलं, "सोडा ही मंडळी. दुसरीकडे जाऊ." तुम्ही म्हणालात, "ती मान्सं चुकतात म्हणून सोडायची, तर मला कोनी ठेवायचं गो?"

सण झाला, मूर्ती गेल्या. तुम्ही मंडळीसमोर उभे राहून माफी मागितलीत, पण रागाची. जोडल्याची नाही. त्यांनी ते चालवून घेतलं. आणि पुढच्याच आठवड्यात भेंडी बुळबुळीत झाली म्हणून डबा खिडकीबाहेर गेला.

माझं खरं दुखणं इथे आहे. मी कधी काही फेकलं नाही, कोणाला शिवी दिली नाही, उपासना चुकवली नाही. खुर्चीवर बसून, हात जोडून, नीट वाक्यांत प्रार्थना केली. आणि तरी मला कधी तुमच्यासारखं हलकं वाटलं नाही. रोज पडणाऱ्या माणसाला इतकी आशा कुठून येते, याचा मला हेवा वाटायचा, चीडही यायची. विचारलं होतं एकदा. तुम्ही पायमोजे वाळत घालत होतात. म्हणालात, "मी सुधारलो म्हणून जात नाय गो त्याच्याकडं. दुसरं दार नाय म्हणून जातो. आनि तो अजून एकदा पन बोलला नाय, की आता पुरे." मी मनात म्हटलं, तो कशाला बोलेल? भांडी माझी फुटतात.

मग तो झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आयुष्यभर मला घरात शांतता हवी होती, ती अशी मिळाली. तुमचे डोळे माझ्यामागे फिरायचे. संध्याकाळी मीच तुम्हाला खिडकीकडे वळवून बसवायचे. ओठ हलायचे. काय म्हणत असाल ते मला पाठ होतं.

एका दुपारी मी तुम्हाला पेज भरवत होते. तुम्ही डावा हात उचललात. मला वाटलं वाटी उडवताय, म्हणून मी ती मागे घेतली. तुम्ही हात पेल्याकडे नेलात, बोट पाण्यात बुडवलंत आणि माझ्या कपाळावर टेकवलंत. भुवईच्या वर, त्या खुणेवर. मग परत बुडवलंत आणि परत टेकवलंत. तोंडातून आवाज येत होता, पण त्याचा शब्द होत नव्हता. पाणी माझ्या नाकावरून ओघळून पेजेत पडलं.

मी हमरापूरची आहे. मोडलेल्या जागेला बोटानं पाणी कशाला लावतात ते मला कोणी समजावून द्यायला नको.

पण मी तेवढ्यानं विरघळले नाही, हेही ऐका. उलट भडकले. इतकी वर्षं तोंड होतं, आवाज होता, आख्ख्या आळीला ऐकू जाईल असा होता. तेव्हा "चुकलं गो" एवढे दोन शब्द जमले नाहीत. दादाला म्हणालात, देवाला रोज म्हणालात, मातीलासुद्धा म्हणालात. आणि माझ्या वाट्याला पाण्याचं एक बोट? बरं, पाणी लावलंत तर पुढचं काम कोण करणार होतं? आठवडा झाला नाही तोच निघून गेलात. भिजवून ठेवलंत आणि माती लावायच्या आधी उठून गेलात.

दादा आला होता पुरायला. मूठभर माती टाकली, हात झटकले नाहीत, तसाच उभा राहिला. मला म्हणाला, "दाजींचा हात मातीला चांगला व्हता गो." मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले ते तेव्हाच.

त्या दिवसापासून मला राग येतो. रूथवर फोनवर खेकसते. दूधवाल्याला बोलते. पास्टरांचा कप मोरीत फोडते. आधी वाटलं, तुमचाच राग मागे राहिला आणि मला चिकटला. पण नाही. तो माझाच असणार. इतकी वर्षं तुमच्या आवाजाखाली तो मला ऐकू आला नव्हता एवढंच. सहनशील बाई म्हणून जिचं उदाहरण द्यायचे, ती आतून अशी निघाली.

शनिवारी मी बोलणार आहे, ठरवलं. सांगेन, माझ्या नवऱ्यानं रागाला जिंकलं नाही. शेवटच्या रविवारपर्यंत तो हरला. रोज हरून रोज देवाकडे गेला, आणि त्यानं एकदाही दार लावून घेतलं नाही. उभारी यायची असेल तर एवढ्यावरून येऊ दे, नाहीतर राहू दे. पास्टरांचा चेहरा पडेल. पडू दे. तुम्ही एकदा त्यांच्या टाळ्या परत केल्या होत्यात, मीही करते.

तुम्हाला माफ केलं का, ते मात्र तिथे सांगणार नाही. ते तुमचं आणि माझं आहे. नाही केलं अजून. रोज सकाळी वाटतं आज करावं, आणि ओट्याशी उभी राहिले की तो डाग दिसतो.

आत्ता दिवेलागण झाली. तुमची चटई कोपऱ्यात गुंडाळून उभी होती, ती खिडकीखाली टाकली. गुडघे टेकायला वेळ लागला, सवय नाही. हात जोडले आणि माझं एकही नीट वाक्य आठवेना. मग पेल्यात बोट बुडवून कपाळाला लावलं, जागा कोरडी पडू नये म्हणून. आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "बापा, आज मी आलेय. त्याची बायको."